मदत हवी आहे: भांडणाचं 'कूलर' कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या नागपूरच्या वस्तीत पोरांची चाकूबाजी वाढली की 'गस्त वाढवा' एवढंच बोलल्या जातं. डेंग्यूत मात्र आपण ताप यायची वाट पाहत नाही. आठवड्यातून एकदा कूलरची टाकी रिकामी करून घासतो, कडेला चिकटलेली डासांची अंडीही जावीत म्हणून. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात २००५ साली पोलिसांनीच हिंसेला रोगाच्या साथीसारखं धरलं. पुढे जखमी पोरांना दवाखान्यातच गाठून कामधंद्याची वाट दाखवणं सुरू झालं.

आमच्या भांडणाचं कूलर, म्हणजे मूळ, कुठलं? मला वाटतं, नववीत सुटलेली शाळा. काका म्हणतात, रात्रीचा पानठेला. (काका स्वतः तिथंच असतात!) कोणी असं काम केलंय काय? आधी कोणती माहिती गोळा केली? रविवारी वस्तीच्या बैठकीत मांडायचं आहे.