सेल्फ फिरतोय पण गाडी उचलत नाही : डिझेल पिकअपवाल्यांनो, अनुभव टाका

निफाडकर

मंडळी, कांदा, द्राक्षं, टोमॅटो कुठलाही सीझन असो, एक तक्रार दर आठवड्याला कानावर येते. माल भरलाय, रात्रीचे बारा वाजलेत, सेल्फ दणदणीत फिरतोय आणि इंजिन काही पकडत नाही. वाशीला पहाटेच्या लिलावात गाडी लागली नाही तर भाड्यासकट मालाचा भावही जातो, म्हणून हा धागा. सेल्फच फिरत नसेल, नुसता टक्क आवाज येत असेल, तर तो विषय वेगळा, तो इथे नको. इथे फक्त फिरते पण चालू होत नाही एवढंच.

माझं मत आधी सांगतो. पार्ट बदलायच्या आधी बघा. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट दाबली की ती ५०० डिग्रीच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेटतो, एवढंच आहे. म्हणजे दाब पाहिजे, फिरण्याचा वेग पाहिजे आणि वेळेवर डिझेल पाहिजे. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने सायलेन्सरपाशी उभं राहायचं. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाहीये, हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा), कमी कंप्रेशन म्हणजे दाब, टायमिंग म्हणजे फवारा पडायची वेळ, नाहीतर डिझेलमध्ये पाणी असं काहीतरी. धूर अजिबातच नाही तर डिझेल आत पोचतच नाहीये. ह्या एका गोष्टीने अर्धं काम होतं आणि ते करायला पैसे लागत नाहीत.

माझ्या गाडीचं असं झालं की डिझेल फिल्टर बदलून आणला, संध्याकाळी नीट चालली, सकाळी सेल्फवर सेल्फ, धूर नाही. फिल्टरवरचा हँडपंप दाबला तर मऊ लागत होता, दाबत राहिलो की कडक व्हायचा, मग गाडी चालू. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी गावातल्या जुन्या मिस्त्रींनी फिल्टर ते पंप ही काळी रबरी नळी काढून तिथे तात्पुरती पारदर्शक नळी लावली आणि म्हणाले आता बघ. सेल्फ मारला की मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक जाताना दिसत होते. फिल्टरच्या खाली पाण्याचा सेन्सर असतो त्याचा ओरिंग (रबरी कडं) बसवताना चिमटला गेला होता. तिथून डिझेल बाहेर ठिबकत नव्हतं, हवा मात्र आत ओढली जात होती, म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं. रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीकडे परत उतरायचं. ओरिंग किरकोळ किमतीचा, आणि त्याआधी एकजण मला अख्खा पंप उतरवायला सांगत होता!

वायरिंगवाला

निफाडकर दादा, चांगला विषय काढलात. मी संगमनेरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाचं डिझेल देणाऱ्या, कॉम्प्युटरवाल्या) गाड्या जास्त येतात. धुराच्या जोडीला मीटर पण बघायला सांगा. चावी ऑन केल्यावर चेक लाईट लागतो का? लागतच नसेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सप्लाय नाही, मेन रिले आणि फ्यूज आधी. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. थोडासा उचलला, दोनशेच्या आसपास, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) बोलतोय. एकदम मेल्यासारखा पडून असेल तर संशय तिकडे घ्यायचा. काही मीटर सेल्फवर काटा दाखवतच नाहीत, त्यामुळे नुसत्या काट्यावर पार्ट आणू नका, स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावूनच खात्री करा.

क्रँक सेन्सरची एक खोड म्हणजे गरम झाल्यावर दगा देतो. गाडी घाट चढून आली, टपरीवर चहाला थांबली, परत सेल्फ मारला तर चालू नाही, आणि अर्ध्या तासाने काही न करता चालू. असं कोणी सांगितलं की मी आधी सेन्सर आणि त्याचं सॉकेट बघतो.

दुसरं उंदीर. कांद्याच्या चाळीत, गोठ्यात गाडी उभी करणाऱ्यांच्या वायरिंगची वाट उंदीर लावतात. मागच्या पावसाळ्यात एक पिकअप ओढत आणली, इंजेक्टरकडे जाणारी लूम (वायरींची जुडी) वरून साबूत, खालून दोन वायरी तांब्यापर्यंत सोललेल्या, बाजूला शेंगांची टरफलं. हात घालून खालच्या बाजूने बोटं फिरवल्याशिवाय ते सापडलं नसतं.

आणि बॅटरी "चांगली आहे" म्हणू नका, मोजा. सेल्फ फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर सेल्फ फिरतो पण वेग कमी पडतो, कधी ईसीयूच झोपतो. बॅटरी नवी असेल तर अर्थिंगची पट्टी बघा, चेसिसला जिथे बोल्ट आहे तिथे गंज असतो.

खाडीकाठ

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ चा पूर इथल्या कोणाला विसरता येणार नाही. बाजारपेठेत उभी असलेली आमची पिकअप बॉनेटच्या वर पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आजूबाजूचे लोक भरभर सेल्फ मारून बघायला लागले, पण माझ्या काकांनी चावीला हात लावू दिला नाही, बॅटरीची वायरच काढून टाकली. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखात जातं. हे पूरभागातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवा, कृपा करून.

मिस्त्रींनी हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं तर भोकातून चिखलाचं पाणी बाहेर आलं. ऑईल दुधाच्या चहासारखं झालेलं, ते दोनदा बदललं. हे सगळं करून सेल्फ मारला तरी चालू नाही, थोडा पांढरा धूर आणि बस. मग फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून बिसलेरीच्या बाटलीत डिझेल घेतलं आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं. खाली गढूळ पाणी, वर पिवळसर डिझेल, मध्ये स्वच्छ रेघ. टाकीच्या हवेच्या नळीतून पाणी आत गेलं होतं. टाकी उतरवून धुतली, लाईन हवेने मारली, नवीन फिल्टर, मग चालू झाली.

पूर नसला तरी कोकणात पावसाळ्यात बाटलीची ही टेस्ट दर महिन्याला करायला काय हरकत आहे? पाणी पंपात आणि नोझलमध्ये गेलं की गंज धरतो, आणि तो खर्च कोणालाच झेपणारा नाही.

घाटवाट

आमच्याकडे अजून जुनी रोटरी पंपाची गाडी आहे, साताऱ्याकडे, स्ट्रॉबेरी आणि भाजीला. तिला कॉम्प्युटर वगैरे नाही. एकदा मेढ्याच्या पुढे बंद पडली ती पडलीच, सेल्फ मस्त, धूर शून्य. पंपावर एक सोलेनॉईड असतो, चावी ऑन केली की त्याला १२ व्होल्ट मिळतात आणि तो डिझेलची वाट उघडतो. शेजारच्या माणसाला चावी ऑन-ऑफ करायला लावली आणि कान पंपाशी नेला, टिक आवाज यायला पाहिजे, येत नव्हता. वायरचं टोक व्हायब्रेशनने तुटून नुसतं लटकत होतं. टोक सोलून बसवलं, टिक वाजलं, गाडी सुरू.

बाकी एक विचारायचंय, आमच्याकडे एअर फिल्टर काढून पेट्रोलचा बोळा धरतात किंवा झटकन पेटणारा स्टार्टिंग स्प्रे मारतात, लगेच उचलते. जाणकारांनी सांगा बरोबर का चूक.

पंपरूम

घाटवाट भाऊ, कळकळीने सांगतो, नका करू. मी सांगलीत डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. हीटर प्लग लाल असताना स्प्रे आत गेला की पिस्टन वर यायच्या आधीच भडका होतो, पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते, रॉड वाकतो, आणि माणसाचे हात-तोंडही तिथेच असतात. फुटलेले पिस्टन माझ्या टेबलावर येतात. स्प्रेने उचलली तरी समजतं काय, तर डिझेल येत नाहीये, आणि ते तुम्हाला धुरावरून फुकटात कळलेलं असतं.

दुसरी धोक्याची गोष्ट. जुन्या पंपाच्या गाडीला नोझलचा नट ढिला करून हवा काढायची पद्धत आहे, ती तिथे ठीक. कॉमन रेलला ते हरगिज करू नका. चालू इंजिनात रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो, ती धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर घरगुती उपाय नाही, थेट दवाखाना.

कॉमन रेलचा मुद्दा असा की सेल्फवर रेलचा दाब साधारण २०० ते २५० बारपर्यंत गेला नाही तर ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. डिझेल आहे, वायरिंग आहे, सेन्सर आहे, तरी धूर शून्य. स्कॅनरवर सेल्फ मारताना हा आकडा बघायचा. कमी असेल तर लोक सरळ पंप बदला म्हणतात, पंप महाग. आधी रिटर्न टेस्ट करा. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक छोटी बाटली लावायची आणि सेल्फ मारायचा. तीन बाटल्यांत तळाला थोडं आणि चौथी भराभर भरतेय, तर चोर सापडला, तो इंजेक्टर दाब परत सोडतोय. गाडी थंड असताना चालू होते आणि गरम असताना त्रास देते असंही ह्यात होतं, कारण गरम डिझेल पातळ होऊन जास्त गळतं. म्हणजे वायरिंगवाल्या दादांनी सांगितलेल्या क्रँक सेन्सरसारखीच खूण, फरक स्कॅनरवर कळतो, आरपीएम दिसतोय पण दाब नाही तर माझ्याकडे, आरपीएमच नाही तर त्यांच्याकडे. सगळ्या बाटल्या सारख्या आणि कमी असतील तर मग पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा), रेलचा सेन्सर, आणि शेवटी पंप.

मळेवाली

आमची दुधाची गाडी आहे, मी स्वतः चालवते, पारनेर. मीटरवर पाव टाकी दिसत होती म्हणून डिझेलचा कोणी विचारच केला नाही, दोन मिस्त्री येऊन गेले, एकाने फिल्टर बदलला, एकाने इंजेक्टर काढायला सांगितले. सासूबाई म्हणाल्या आधी पाच लिटर ओतून तर बघा. कॅन ओतला, हँडपंप कडक होईपर्यंत दाबला आणि चालू! टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगून मीटरला पातळी सांगणारा) अडकला होता. दूध तापलं होतं तोवर, संकलन केंद्राने परत पाठवलं, ते नुकसान वेगळंच. शंका असली तर टाकीवर बोटाने ठोकून बघा, रिकामी टाकी वेगळी वाजते.

थंडीतला

मी अल्बर्टात, कॅनडा. इथे शेतावरच्या डिझेल पिकअपला उणे तीसमध्ये डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर मेणबत्तीसारखा होतो, सेल्फ फिरतो, डिझेल येत नाही. हिवाळी डिझेल भरायचं आणि रात्री ब्लॉक हीटरची (इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची) वायर घराच्या प्लगला लावून ठेवायची. तुमच्याकडे गरज नाही, पण लडाखला माल घेऊन जाणाऱ्यांनी तिथलं हिवाळी डिझेल भरावं, इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल तिथे आणलंय.

निफाडकर

मळेवाली ताई, दुधाचं वाचून वाईट वाटलं. पंपरूम, एक विचारतो, सेल्फ सलग किती वेळ मारायचा? आमच्याकडे पोरं बॅटरी बसेपर्यंत सोडत नाहीत.

पंपरूम

दहा-पंधरा सेकंद, मग निदान मिनिटभर थांबा, सेल्फची वायंडिंग तापते. आणि आवाज ऐका. नेहमीच्या दमदार आवाजाऐवजी एकदम हलका, सुसाट, अडथळा नसल्यासारखा फिरला तर तिथेच थांबा, टायमिंग बेल्ट किंवा चेन गेलेली असू शकते, पुढे मारत राहिलात तर व्हॉल्व्ह वाकतात. ती गाडी ओढूनच न्यायची.