मदत हवी आहे: पट्ट एकमेकांवर येतात तिथेच समुद्र रुंद कसा होतो? आणि बेटांची कमान का होते?

नमस्कार मंडळी,

मी नववीला भूगोल शिकवते. भूपट्टांच्या धड्याला फळ्यावर अल्युशियन, मारियाना आणि अंदमान काढले, तर एका मुलीने विचारलं, "बाई, सगळी बेटं धनुष्यासारखीच का?" उद्या सांगते म्हटलं, त्याला तीन आठवडे झाले. तिला काहीतरी थातुरमातुर सांगायची इच्छा नाही.

शोधल्यावर फ्रँक या शास्त्रज्ञाची 1968 ची कल्पना सापडली. पिंगपाँगचा चेंडू अंगठ्याने दाबला की खळग्याची कड गोल येते, तसंच पृथ्वीच्या कवचाचं. कवच वाकतं पण ताणलं जात नाही असं धरलं, तर पट्ट ज्या कोनात खाली जातो त्याच्या निम्मी त्या कडेची कोनीय त्रिज्या (पृथ्वीच्या केंद्रापासून अंशांत मोजलेली). वाचून आनंद झाला. मग मारियानाला लावून पाहिलं. तिथे पट्ट खोलवर जवळजवळ उभा, म्हणजे 90 अंश. निम्मे 45. एका अंशाला 111 किमी, म्हणजे त्रिज्या सुमारे 5000 किमी. पृथ्वीगोलावर दोरा लावला तर कमान त्याहून कितीतरी घट्ट वळलेली! माझं कुठे चुकतंय?

शिवाय त्या बेटांच्या मागे समुद्रतळ फाटून रुंदावतोय म्हणे. पट्ट एकमेकांकडे येत असताना ताण येतो कुठून? आणि अंदमानलाही हेच लागू होतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

अभ्रक:
बाई, हिशोब तुमचा बरोबर आहे. गृहीतक तिथे टिकत नाही, कारण वरचा पट्ट ताणला जातो.

पट्ट उतारावरून घसरत जातो, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. मारियानाला जाणारा पॅसिफिक पट्ट 15 कोटी वर्षांहून जुना, थंड आणि जड आहे. तो स्वतःच्या वजनाने सरळ खालीही बुडतो. त्यामुळे तो जिथे वाकतो ती रेषा, म्हणजेच गर्ता, समुद्राच्या बाजूला मागे हटत जाते. बेटांखालचं कवच तिच्यामागे ओढलं जातं आणि त्यांच्या पाठीमागे फाटतं. दाब असतो तो दोन पट्ट घासतात त्या पट्टीत. मागे ओढ असते.

आता कमान. उत्तरेला समुद्राखालचं ओगासावारा पठार आणि दक्षिणेला कॅरोलाइन कटक (समुद्रातली लांब डोंगररांग) आहे. तिथलं कवच जाड असल्याने सहज बुडत नाही. दोन्ही टोकं अडकलेली आणि मधला भाग मागे हटतोय, म्हणजे होडीच्या शिडासारखं. बेटांमागची मारियाना द्रोणी (फाटून तयार झालेला खोलगट समुद्रतळ) मध्यभागी सर्वांत रुंद आहे आणि उत्तरेकडे निमुळती होत जाते, हा त्याचाच पुरावा.

मला सर्वांत सुंदर वाटतं ते पुढेच. मारियाना बेटांची ही ज्वालामुखींची रांग दोनदा उभी चिरली गेली आहे. आधी तुटलेली अर्धी आज पलाऊ-क्यूशू कटक म्हणून दूर पश्चिमेला आहे, नंतरची पश्चिम मारियाना कटक म्हणून. नकाशात या दोन आणि आजची बेटं, अशा तिन्ही रेषा मुलांना नक्की दाखवा.

किनारा:
अंदमानबद्दल थोडं. तिथे भारतीय पट्ट समोरून येत नाही, तिरका घासत येतो. त्या तिरक्या ओढीने अंदमान-निकोबारची चिंचोळी पट्टी मूळ भूभागापासून सुटून उत्तरेकडे सरकते. उत्तरेला म्यानमारचा सगाइंग भ्रंश, म्हणजे कवचातली सरकणारी भेग (मार्च 2025 चा भूकंप तिथलाच), दक्षिणेला सुमात्राचा भ्रंश. या दोघांच्या मधल्या जागेत समुद्रतळ उघडतो. अंदमान समुद्रात हे सुमारे 40 लाख वर्षं चालू आहे. म्हणून सगळं श्रेय गर्ता मागे हटण्याला देऊ नका.

आणि मोठी बेटं ज्वालामुखीची नाहीत. ती खरवडून साचलेला गाळ आणि समुद्रतळाचे तुकडे आहेत. ज्वालामुखींची रांग पूर्वेला आहे, बॅरन आणि नारकोंडम ही बेटं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. शिडाचं उदाहरण उद्याच वर्गात सांगते. मी बारातांगचा चिखलाचा ज्वालामुखी पाहिला आहे, म्हणून मोठ्या बेटांनाही ज्वालामुखीच समजत होते. मग तो कुठला?

किनारा:
त्याच साचलेल्या गाळातला. गाळ दाबला जातो, आतलं पाणी आणि वायू चिखल घेऊन वर येतात. तिथे लाव्हारस नाही.