सुपिरियरची प्रदक्षिणा की एका तळ्याकाठी चार रात्री? बाइकवर तंबू नेणाऱ्यांनी बोला

उत्तरवाट

एप्रिल आला की ओळखीतल्या बाइकवाल्यांकडून एकच प्रश्न येतो, अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपिरियरची सर्कल टूर, म्हणजे तळ्याभोवतीची पूर्ण फेरी, किती दिवसांत होते. मी ती केलीय, गेल्या वर्षी जूनमध्ये, सहा दिवसांत, सुमारे १,३०० मैल, रोज तंबूत झोपून. त्याआधी आणि नंतर मिनेसोटाच्याच उत्तर भागात तीन लहान ट्रिपा केल्या. त्यावरून माझं मत असं झालंय की तंबू घेऊन जाणार असाल तर प्रदक्षिणेच्या नादी लागू नका. एक भाग निवडा आणि तिथे राहा.

का ते सांगतो. कागदावर १,३०० भागिले सहा म्हणजे रोजचे सुमारे २१५ मैल, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सकाळी दवाने भिजलेला तंबू झटकून, गुंडाळून, ड्राय बॅगेत कोंबून, पट्टे आवळून निघेपर्यंत दीड-दोन तास जातात आणि संध्याकाळी तेवढेच पुन्हा. मध्ये पेट्रोल, जेवण, सीमेवरची रांग. कॅनडातलं थंडर बे ईस्टर्न टाइमवर चालतं त्यामुळे सीमा ओलांडली की घड्याळातला एक तास तिथेच गेला. रोज संध्याकाळी सहा-सातला पोचायचो, खायचो आणि झोपायचो.

सगळ्यात लागलेली गोष्ट अगावा रॉकची. लेक सुपिरियर प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये उभ्या कड्यावर तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी लाल गेरूने काढलेली चित्रं आहेत, होड्या, माणसं, शिंगं असलेला त्यांच्या कथांमधला पाण्यातला प्राणी मिशिपेशू. ती बघायला पाण्यालगतच्या तिरक्या खडकावरून चालत जावं लागतं, आणि ते फक्त तळं शांत असेल तेव्हाच. मी पोचलो तेव्हा लाटा खडकावर येत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो असतो तर कदाचित जमलं असतं, पण पुढचं बुकिंग मिशिगनमध्ये होतं, अडीचशे मैलांवर. निघालो. ती चित्रं मी अजून बघितलेली नाहीत आणि ते मला अजून टोचतं.

याउलट ऑगस्टमध्ये ग्रँड मरेहून गनफ्लिंट ट्रेलवर गेलो, ५७ मैलांचा पक्का रस्ता, शेवटी सॅगनागा तळं. वाटेतल्या एका फॉरेस्ट सर्व्हिसच्या कॅम्पग्राउंडवर चार रात्री एकाच जागी तंबू. सामान उतरवलेली हलकी बाइक घेऊन रोज कुठे वीस मैल तर कुठे ऐंशी. एक दिवस बाइकला हातही लावला नाही, भाड्याने कनू घेतली. रात्री लून पक्ष्यांची हाक एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जायची. माझ्या मते बाइक कॅम्पिंग याला म्हणावं.

लांबपल्ला

साफ असहमत.

तुमचा राग सहा दिवसांवर आहे आणि तुम्ही तो प्रदक्षिणेवर काढताय. मी हीच फेरी नऊ दिवसांत केली, रोजची सरासरी दीडशे मैलांच्या आत, आणि दोन ठिकाणी दोन-दोन रात्री. त्यातलं एक ठिकाण अगावा बे. पहिल्या दिवशी लाटा, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाणी आरशासारखं. चित्रं बघितली. खडकाला बांधलेला दोर धरून उभा होतो आणि खाली तळ दिसत होता.

हे तळं ८२,१०० चौरस किलोमीटर आहे, आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. एका काठावर बसून ते कळत नाही हो. डुलुथला उजव्या हाताला पाणी घेऊन निघायचं आणि दिवसामागून दिवस ते पाणी उजव्या हातालाच राहतं, कधी धुक्यात, कधी कड्याखाली, कधी तासभर झाडांमागे गायब होऊन एकदम ओल्ड वूमन बेला पुन्हा समोर. आठव्या दिवशी मिशिगनच्या बाजूने पश्चिमेकडे येताना कळतं की हे अजून तेच पाणी आहे. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या माणसाला कोणी म्हणतं का की एका घाटावर चार दिवस बस, तेच पुण्य?

आणि त्या रस्त्याचंही काही मोल आहे. कॅनडातल्या वावा गावाच्या दक्षिणेचा हायवे १७ चा जोड १९६० मध्ये पुरा झाला, त्याआधी काठाकाठाने गाडी घालून ही फेरी करताच येत नव्हती. ज्या वाटेसाठी माणसांनी तिथला ग्रॅनाइट फोडला ती वाट बाइकवर बसून सलग जायची सोडून तुम्ही म्हणताय तंबूत बसा. मग कार घेऊन जा की, बाइक कशाला?

काठावरचा

दोघांनाही एक विचारतो. तंबू हवाच कशाला?

माझं वय ५८, बाइक चालवतोय ३० वर्षं. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, भांडी, जेवण धरून मागे सहज वीस-पंचवीस किलो वाढतात आणि बहुतेक लोक ते सगळं मागच्या सीटवर उंच रचतात. मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं चाक हलकं होतं, वळणावर बाइक हवी तशी वळत नाही, ब्रेक लावायला जास्त अंतर लागतं. किती जण निघण्याआधी प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण, आणि मागच्या टायरची हवा बदलतात? मी विचारलेल्यांपैकी जवळपास कोणीच नाही.

दुसरं थंडी. डुलुथला उन्हाळ्यात हवामान सांगताना सुद्धा 'तळ्याजवळ गार' असं वेगळं सांगतात ते उगीच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आत ग्रँड रॅपिड्सला २७ अंशांत निघालो आणि दोन तासांत टू हार्बर्सला धुक्यात ९ अंश. त्यात पाऊस आला तर ६० मैलांच्या वेगात अंगातली ऊब कधी संपते कळत नाही, बोटं क्लचवर चालेनाशी होतात. अशा दिवशी शेवटी ओल्या जमिनीवर ओला तंबू लावणं हा मर्दपणा नाही, दुसऱ्या दिवशी दमलेल्या डोक्याने बाइक चालवायची ती तयारी आहे. कोरडी खोली, गरम पाणी, हीटरवर वाळणारे हातमोजे, यानेच माणूस सुखरूप घरी येतो. मोटेलात राहून दोन्ही बेत होतात.

आडवाटेची

काका, वजनाचं आणि थंडीचं शंभर टक्के बरोबर, पण त्यावर उपाय मोटेल नाही, कमी सामान हा आहे. माझं सगळं कॅम्पिंगचं सामान ११ किलोत बसतं. जड वस्तू सॅडलबॅगेत खाली आणि पुढच्या बाजूला, मागे सीटवर फक्त तंबू आणि बॅग आडवी. साइड स्टँडखाली ठेवायला एक चपटी फळी, नाहीतर पाइनच्या मऊ मातीत बाइक रात्रीत आडवी होते, हे मला पहिल्याच ट्रिपला मध्यरात्री धाडकन आवाज ऐकून कळलं. आणि गनफ्लिंटच्या आतल्या तळ्यांवर मोटेल कुठून आणणार? तिथे लॉज आहेत पण उन्हाळ्यात ते महिनोन् महिने आधी भरतात आणि परवडतातच असं नाही.

मला मात्र उत्तरवाट यांचं म्हणणं पटतं, आणि त्याचं कारण इथे अजून कोणी बोललेलं नाही: अस्वलं. उत्तरेकडे सगळीकडे ब्लॅक बेअर आहेत. प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या पाटीवर लिहिलेलं असतं की खाणं गाडीत बंद करून ठेवा. आपल्याकडे गाडी नाही! बाइकच्या बाजूची पेटी, पॅनियर, कितीही जाड असला तरी अस्वलाला तो डबाच. तंबूत तर टूथपेस्टसुद्धा ठेवायची नाही. म्हणजे एकतर अस्वलाला न उघडणारा डबा, बेअर कॅनिस्टर, वागवा, किंवा झाडाला उंच आणि खोडापासून लांब पिशवी टांगा, किंवा जिथे लोखंडी पेटी आहे अशी जागा शोधा. एका जागी चार रात्री राहिलं की हे एकदा नीट लावून होतं. रोज नव्या गावी, अंधारात, दमलेल्या अंगाने फांदी शोधत फिरणं मी केलंय आणि त्या रात्री मी ते नीट केलं नव्हतं हे मला माहीत होतं, झोप लागली नाही.

लांबपल्ला

ताई, अंधारात पोचलात ही चूक प्रदक्षिणेची कशी? जूनमध्ये थंडर बेला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. चारला थांबायचं ठरवलं तर सहा तास उजेड हातात असतो.

आडवाटेची

चारला थांबायचं सगळेच ठरवतात. मग थंडर बेजवळ काकाबेका फॉल्स असतो, ४० मीटर उंच, तो कोण सोडणार. मग कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी धावलेल्या टेरी फॉक्सच्या स्मारकापाशी थांबता, एका पायाने निम्मा कॅनडा धावून १ सप्टेंबर १९८० ला तो थंडर बेजवळ थांबला ते वाचून तिथून लगेच निघवत नाही, निघूही नये. मग संध्याकाळ होते आणि मूस, म्हणजे हरणांच्या जातीतली प्रचंड जनावरं, रस्त्यावर यायला लागतात. काळपट अंग, लांब पाय, हेडलाइट त्यांच्या डोळ्यांपर्यंत जातच नाही म्हणून हरणासारखे डोळे चमकत नाहीत. हायवे १७ वर बऱ्याच भागात जायला-यायला एकेकच लेन, समोरून ट्रक. बुकिंग ८० किलोमीटरवर पुढे आहे म्हणून त्या वेळी माणूस चालवत राहतो. लांबचं बुकिंग माणसाला ढकलतं एवढंच माझं म्हणणं.

पाइनवाडी

बुकिंगबद्दल माहिती. मिनेसोटा स्टेट पार्क १२० दिवस आधी उघडतात, ऑन्टारियो पार्क ५ महिने आधी. टेटागुच, स्प्लिट रॉक, गूजबेरीच्या शनिवार-रविवारच्या जागा उघडल्या उघडल्या जातात. म्हणजे प्रदक्षिणेला तुम्ही फेब्रुवारीत ठरवणार की जुलैत कुठल्या रात्री कुठे असाल, आणि पाऊस काही ते विचारून येत नाही. सुपिरियर नॅशनल फॉरेस्टमध्ये मात्र साधी कॅम्पग्राउंडं आहेत, नळ नसतो, बऱ्याच ठिकाणी जो आधी येईल त्याची जागा. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर मिळते. ऑन्टारियोत क्राउन लँडवर, म्हणजे सरकारी मोकळ्या जमिनीवर, राहणं कॅनडाच्या रहिवाशांना २१ दिवसांपर्यंत फुकट, आपण अमेरिकेतून जाणाऱ्यांना परमिट लागतं.

आणि लाकूड घरून बांधून नेऊ नका, अॅशच्या झाडांची कीड त्यातून पसरते, तिथेच मान्यताप्राप्त विकत घ्या. शेकोटी पाणी ओतून, ढवळून, हाताला गार लागेपर्यंत विझवा. २००७ मध्ये गनफ्लिंटवर हॅम लेकची आग एका कॅम्पफायरमधूनच लागली आणि ७५,००० एकर जंगल गेलं, सीमेच्या दोन्ही बाजूंना. अजूनही त्या पट्ट्यातून जाताना जळके बुंधे दिसतात.

दुरून_आलेला

सगळे भारतीय पासपोर्टवाले लक्षात घ्या, प्रदक्षिणा म्हणजे कॅनडा. एच-वन-बीवर असाल तर कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो, ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा नको पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवं. मी तीन महिने वाट बघत बसलो आणि उन्हाळा संपला. माझ्यासारख्यांना हा वाद पडतच नाही. मी ग्रँड पोर्टेजच्या १२० फुटी धबधब्यापर्यंत गेलो, पलीकडचा काठ कॅनडा, बघून परत फिरलो. डुलुथपासून तिथपर्यंत हायवे ६१ चे १५० मैल, त्यातच पाच दिवस काढले आणि तेही पुरले नाहीत.

शिवाय एक विनंती, हेल्मेट. मिनेसोटात १८ च्या वरच्यांना सक्ती नाही म्हणून आपले काही लोक घालत नाहीत. ऑन्टारियोत सक्ती आहे. पण सक्ती असो नसो, घाला.

काठावरचा

शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर. आणि ११ किलोची यादी टाका ताई, माझ्या मुलाला द्यायची आहे. तो काही मोटेलात राहणारा नाही.

उत्तरवाट

लांबपल्ला, तुमचं परिक्रमेचं वाचून दोनदा थांबलो. खरंय, पाणी सतत उजव्या हाताला असणं हे मलाही आठवतंय, आणि मी ते वर लिहिलं नाही ही माझी चूक. पण नऊ दिवस सलग सुट्टी किती जणांना मिळते? ज्यांना मिळते त्यांनी जरूर जावं, तुमच्यासारखं दोन ठिकाणी थांबून. मी बोलतोय ते पाच-सहा दिवसवाल्यांबद्दल, आणि बहुतेक लोक तेच असतात. त्यांना फेरी पूर्ण केल्याचा स्टिकर मिळतो आणि मिशिगनमधला सेनीचा २५ मैल नाकासमोरचा सरळ रस्ता नीट लक्षात राहतो, कारण त्या वेळी ते दमलेले असतात.

अजून एक, हे घाईवाले पहाटे साडेपाचला तंबूंच्या मध्ये इंजिन तापवत ठेवतात. मीही ठेवलं होतं. शेजारच्या तंबूतली लहान पोरगी रडत उठली. आता निघायचं असेल तर बाइक ढकलत रस्त्यापर्यंत नेतो आणि मग सुरू करतो.

काका, प्रीलोडचं मान्य. मी चारही ट्रिपा कंपनीच्या सेटिंगवरच केल्या, उद्या मॅन्युअल काढतो.

लांबपल्ला

स्टिकरसाठी जाणारे असतील, मी त्यातला नाही. आणि सेनीच्या त्या सरळ रस्त्यावर मला आठ दिवसांचं सगळं एकदम आठवलं होतं, म्हणून तोही मला प्यारा आहे. मत बदललेलं नाही.

पण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा अगावा बेला तीन रात्री जातोय. तेव्हा डास कमी असतात, मात्र वारा वाढलेला असतो, त्यामुळे तीन दिवस ठेवलेत. शेजारची जागा अजून रिकामी दिसतेय. चित्रं बघायची राहिलीत ना तुमची?

उत्तरवाट

तारखा पाठवा. सू सेंट मरीच्या बाजूने सरळ येतो, प्रदक्षिणा करत नाही.