'जेलीफिशला स्नायू नसतात' म्हणे!

ओहोटी_वरळी: कालची पोस्ट: 'जुहूला ब्लूबॉटल (डंख मारणारे निळे समुद्रजीव) आल्यात. जेलीफिश द्विस्तरीय, मध्यस्तर नाही, म्हणजे स्नायूही नाहीत. डंखावर लगेच बिसलेरी ओता.' द्विस्तरीय म्हणजे गर्भात बाह्यस्तर आणि अंतःस्तर असे दोनच थर; आपले स्नायू मधल्या थरातून येतात. तेवढं ठीक, पण 'स्नायू नाहीत' आणि बिसलेरी, दोन्ही चूक. जेलीफिशच्या छत्रीसारख्या शरीराच्या खालच्या अंगाला गोलाकार पट्टेदार स्नायूतंतू असतात, बाह्यस्तराच्याच पेशींच्या बुडाशी. ते आवळले की पाणी मागे फेकलं जातं. सैल पडले की मधली जेली छत्री परत उघडते. मध्यस्तर कशाला हवा?

हायड्रा_दादर: जेलीफिशपुरतं मान्य. पण टिनोफोराच्या (जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या समुद्रजीवांच्या) जेलीत चक्क सुट्या स्नायूपेशी असतात, तरी नीटचे क्लासवाले 'द्विस्तरीय' घोकून घेतात!

ओहोटी_वरळी: क्लासवाल्यांचा राग इथे नको. समुद्रफुलांवरचं (सी ॲनिमोन, जेलीफिशचे नातलग) 2017 चं काम बघा: पाचक विकरं घशाच्या बाह्यस्तरातून आलेल्या पेशी बनवतात, आणि अंतःस्तराची जनुकं आपल्या मध्यस्तराशी जुळतात. दोन थर खरे, आपण त्यांना दिलेली नावंच डळमळीत.

मूळ_पोस्टवाला: पांडित्य पुरे. ब्लूबॉटल चावली तर काय करायचं ते बोला. मी व्हिनेगर लावतो.

हायड्रा_दादर: ती 'चावत' नाही, आणि जेलीफिशही नाही, अनेक छोट्या जीवांची वसाहत आहे, छत्री नाहीच, वर नुसता फुगा. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशसाठी. ऑस्ट्रेलियात ब्लूबॉटलवर नको म्हणतात.

मूळ_पोस्टवाला: 2017 तुमच्याच मालकीचं का? त्याच वर्षीच्या फिजालियावरच्या, म्हणजे ब्लूबॉटलवरच्याच, प्रयोगांत व्हिनेगरने लोंबत्या शुंडकांवरच्या न फुटलेल्या दंशकुप्या (विषाच्या सूक्ष्म पिशव्या) थंड पडल्या.

ओहोटी_वरळी: व्हिनेगरवर भांडा खुशाल, पण गोडं पाणी (म्हणजे बिसलेरीही) आणि वाळू चोळणं दोन्ही बंद. हायड्रा नावाच्या त्यांच्या नातलग प्राण्याच्या दंशकुपीत 150 बारचा, म्हणजे हवेच्या सुमारे दीडशेपट, दाब असतो; गोड्या पाण्याने उरलेल्या कुप्याही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, शुंडकं चिमट्याने उचला. कार्डाने खरवडू नका, दाबाने आणखी विष आत जातं. मग 45 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं. थर्मामीटर नसेल तर पाणी दुसऱ्याने हात घालून बघायचं. डंख लागलेल्याला चटका कळेलच असं नाही. धाप लागली तर थेट इस्पितळ. किनाऱ्यावर सुकलेल्या शुंडक्यालाही हात नको, कुपी फुटायला प्राणी जिवंत लागत नाही.

हायड्रा_दादर: चौपाटीवर 45 अंशांचं पाणी कोण देणार? चहावाला?

ओहोटी_वरळी: हो, चहावालाच. उकळतं घ्या आणि साधं पाणी मिसळा.

हायड्रा_दादर: आता गोडं पाणी चालतं वाटतं!

ओहोटी_वरळी: शुंडकी काढून, धुऊन झाल्यावर. क्रम वाचा साहेब.

मूळ_पोस्टवाला: बरं बाबा, जेलीफिशला स्नायू आहेत. खूश? बिसलेरी मात्र मी हात धुवायला म्हणालो होतो.

हायड्रा_दादर: 'डंखावर लगेच'. तुमचेच शब्द, वर आहेत.