डिस्क संपली म्हणताय? मग फोरकेचे पैसे नक्की कशाचे भरताय?

निळी_तबकडी

२०२४ च्या अखेरीस एलजीने ब्लू-रे प्लेअरमधून अंग काढून घेतलं. सॅमसंग २०१९ मध्येच बाहेर पडलं होतं, ओप्पो त्याच्याही आधी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं आणि लगेच 'सोनीने ब्लू-रे बंद केलं' म्हणून बोंब उठली. ती खोटी. सिनेमे छापून येतात त्या डिस्क वेगळ्या, आणि त्या अजून येतायत.

दुसरीकडे ओटीटीवाल्यांची चाल बघा. जून २०२५ पासून भारतात प्राइमवर जाहिराती सुरू झाल्या, त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे. नेटफ्लिक्सवर फोरके (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र) फक्त सगळ्यात महाग, ६४९ रुपये महिन्याच्या प्लॅनमध्ये.

माझं म्हणणं सरळ आहे. एकदा बघून सोडायचा तो सिनेमा ओटीटीवर बघा. जो पुन्हा पुन्हा लावणार त्याची डिस्क घ्या, आणि प्लेअर मिळतायत तोवर एक घेऊन ठेवा.

फोरकेला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो, असं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं. म्हणजे सेकंदाला साधारण साडेपंधरा मेगाबिट. फोरके डिस्कवर ६६ किंवा १०० जीबी मावतात आणि तीन थरांच्या डिस्कची कमाल मर्यादा सेकंदाला १२८ मेगाबिट आहे. सरासरी त्याच्या निम्मी धरली तरी चौपट माल. आवाजाचं तर बोलूच नका. नेटफ्लिक्सवरचं ॲटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या स्वरूपात येतं, जास्तीत जास्त सेकंदाला ७६८ किलोबिट. डिस्कवर तेच ट्रूएचडीमध्ये असतं, काहीही न गाळता.

आणि 'बाय' बटण दाबून घेतलेला सिनेमा तुमचा नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनने कळवलं की डिस्कव्हरीचे विकत घेतलेले कार्यक्रमही लोकांच्या खात्यातून जातील. ओरड झाली, नवा करार झाला, ते वाचले. पण तोही करार किमान ३० महिन्यांपुरताच! कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की नुसता परवाना विकत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. आपल्याकडे बटणावर अजून 'बाय'च.

पिक्सेलपंत

आकड्यांवर वाद नाही. पण हे सगळं ज्या टीव्हीवर बघायचं त्याबद्दल एक ओळ नाही?

५५ इंची टीव्ही घ्या. साधारण चांगल्या नजरेला फुल एचडी आणि फोरकेतला बारकावा वेगळा ओळखायचा तर सात फुटांच्या आत बसावं लागतं, आणि फोरकेचा पूर्ण फायदा हवा तर साधारण साडेतीन फुटांवर. हॉलमध्ये सोफा नऊ-दहा फुटांवर असतो. शिवाय पंचवीस-तीस हजारांच्या टीव्हीवर एचडीआरचा (जास्त उजळ-गडद दाखवणाऱ्या चित्राचा) शिक्का असला तरी पॅनेल २५०-३०० निट्सचं (निट म्हणजे उजेडाचं माप). सिनेमा १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर रंगवलेला असतो. तो त्या पॅनेलवर कोंबताना जे जातं ते डिस्क परत आणून देणार आहे का?

प्लेअरवर पैसे घालण्याआधी हे करा, फुकट आहे:

पिक्चर मोड 'फिल्ममेकर' ठेवा, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. 'व्हिव्हिड' आणि 'स्टँडर्ड' फक्त दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चांगले दिसतात.

मधल्या बनावट फ्रेम घालणारी सोय बंद करा. एलजीवर ती 'ट्रूमोशन', सॅमसंगवर 'पिक्चर क्लॅरिटी', सोनीवर 'मोशनफ्लो'. २४ फ्रेमचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो तो हिच्यामुळे. २०१८ मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना ही बंद करायला सांगितलं होतं.

शार्पनेस सरसकट शून्यावर नेऊ नका. सोनीवर ५० हा तटस्थ आकडा आहे, त्याखाली चित्र मुद्दाम मऊ होतं. सॅमसंगवर मात्र शून्याच्या आसपासच ठेवा.

वीजबचत आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर, दोन्ही बंद. 'अंधारात काही दिसत नाही' या तक्रारीचं निम्मं मूळ इथे असतं.

एवढ्याने जो फरक पडतो, त्याच्यापुढे साडेपंधरा आणि साठ मेगाबिटमधला फरक किरकोळ आहे.

निळी_तबकडी

पंत, सेटिंगच्या यादीला शंभर टक्के अनुमोदन. पण बिटरेट (सेकंदाला येणारा डेटा) आणि रेझोल्यूशन (चित्रातले ठिपके) यांची तुम्ही गल्लत करताय. बिट कमी पडले की कडा धूसर होत नाहीत, आधी काळोख मरतो. चित्र दाबणाऱ्या एन्कोडरला कुठेतरी काटकसर करावीच लागते, आणि डोळ्याला लगेच कळणार नाही अशी जागा म्हणजे गडद भाग. धुकं, धूर, पाण्याखालचं दृश्य, मेणबत्तीमागची भिंत: तिथे सलग उतरता उजेड तुटून पट्टे पडतात. ते दहा फुटांवरूनही दिसतात.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा २०१९ मधला रात्रीच्या लढाईचा भाग आठवा. लोकांनी शिव्या घातल्या, कॅमेरामन फेबियन वॅग्नर म्हणाला की लोकांचे टीव्ही नीट लावलेले नाहीत. त्याचं काही अंशी बरोबर होतं. पण २०२० मध्ये फोरके डिस्क आल्यावर तोच भाग कितीतरी स्वच्छ दिसला. म्हणजे दोष एकट्या टीव्हीचा नव्हता.

घरी तपासायचं असेल तर एकच दृश्य दोन्हीकडून लावा, खोलीत अंधार करा आणि दिव्याच्या आजूबाजूची भिंत बघा. दिव्याभोवती कड्यांसारखी वर्तुळं ओटीटीवर दिसली आणि डिस्कवर नाहीत, तर दोष कॉम्प्रेशनचा. दोन्हीकडे दिसली तर पॅनेलचा, मग पंत म्हणतात तसं डिस्क घेऊन उपयोग नाही.

पिक्सेलपंत

डिस्क म्हणजे मूळ प्रत, हा पण भाबडेपणाच. २०२४ मध्ये आलेल्या 'एलियन्स' आणि 'ट्रू लाइज'च्या फोरके डिस्क बघा. फिल्मचा दाणा (चित्रावरची मूळची रवाळ खर) पुसून, एआयने धार काढून, चेहरे मेणाचे केले म्हणून डिस्कप्रेमींनीच त्यांची सालं काढली. ज्यावरून प्रती निघतात ते मास्टरच बिघडलं तर ते १०० मेगाबिटने दिलं काय आणि १५ ने दिलं काय.

उलट स्ट्रीमिंगवाले आता डोकं लावतायत. एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत दाणा आधी वेगळा काढतात, चित्र त्याच्याशिवाय दाबतात, सोबत दाण्याचं नुसतं वर्णन पाठवतात आणि टीव्ही तो पुन्हा रचतो. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं.

निळी_तबकडी

रचलेला दाणा. फिल्मवरचा नव्हे. मेणाच्या चेहऱ्यांवर हरकत घेताना तुम्हाला अस्सलपणा हवा होता, दोन ओळींत कुठे गेला?

काळी_चार

चित्रावर मारामारी चाललीये, पण डिस्क घेणारे निम्मे लोक आवाजात फसतात त्याकडे कोणी बघत नाहीये.

टीव्हीतून साउंडबारकडे आवाज नेणारा साधा एआरसी ट्रूएचडी नेत नाही, त्याची सुधारित आवृत्ती ईएआरसीच लागते. टीव्हीच्या दोन-चार एचडीएमआय पोर्टपैकी एकावरच तसं लिहिलेलं असतं, साउंडबार तिथेच लावा. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आवाज 'पास-थ्रू' (न उलगडता पुढे) करा, 'पीसीएम'वर राहिला तर ॲटमॉस गेलंच.

आता खरी मेख. प्लेअरच्या ऑडिओ मेनूत 'बीडी ऑडिओ मिक्स' किंवा 'सेकंडरी ऑडिओ' असं काहीतरी असतं. दिग्दर्शकाची कॉमेंट्री आणि मेनूचे टिकटिक आवाज मूळ ध्वनीत मिसळायची ती सोय आहे. ती चालू असेल तर प्लेअर ट्रूएचडी स्वतःच उलगडतो, मिसळतो आणि पुढे जे पाठवतो त्यात ॲटमॉस नसतं. साउंडबारच्या पडद्यावर 'ॲटमॉस' उमटत नसेल तर आधी इथे बघा, केबल नंतर बदला.

चित्राच्या बाजूने असंच एक. टीव्हीचा तो एचडीएमआय पोर्ट मुद्दाम उघडावा लागतो: सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीवर 'डीप कलर'. नाही केलं तर महागडी डिस्कही एचडीआरशिवाय चालते आणि कोणी काही सांगत नाही.

बाकी दोन स्पीकरच्या साउंडबारवर ७६८ किलोबिट आणि ट्रूएचडी वेगळं ओळखून दाखवणाऱ्याला माझा दंडवत. तिथे मी पंतांच्या बाजूने.

नेट_पॅक_संपला

प्लेअर कशाला, प्लेस्टेशन ५ आहे ना? आणि पीसीला ड्राइव्ह लावून?

निळी_तबकडी

डिस्क ड्राइव्ह असलेलं पीएस५ चालेल, पण त्यात डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक जुळवून घेणारं एचडीआर) नाही, साध्या एचडीआर१० वर भागवावं लागेल. पीसीचा अधिकृत रस्ता बंद झाल्यासारखाच आहे. फोरके डिस्कच्या कुलपाला इंटेलच्या प्रोसेसरमधलं एसजीएक्स हे सुरक्षेचं अंग लागायचं, ते इंटेलने ११ व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकलं. म्हणजे या कामाला नव्या पीसीपेक्षा जुना पीसी बरा.

दमट_हवा

'डिस्क तुमची, कायमची' म्हणणाऱ्यांनी वॉर्नरचं प्रकरण वाचलं नाही का? २००६ ते २००८ या काळातल्या त्यांच्या काही डीव्हीडी आतून कुजल्या. वर एक ओरखडा नाही, पण अर्ध्या सिनेमानंतर चित्र गोठतं. २०२५ मध्ये कंपनीने ते मान्य केलं आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. ज्या सिनेमांचे हक्क आता त्यांच्याकडे नाहीत, त्यांचं काय?

मुंबई-कोकणच्या हवेत तर आणखी कठीण. पावसाळ्यात बंद कपाटातल्या डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात, आणि आतल्या छापील कागदाला ओल धरली की तो डिस्कला चिकटतो. ठेवायच्याच असतील तर उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. ठिपके आलेच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर, आणि पुसायचं मधल्या भोकाकडून सरळ बाहेर. गोल गोल पुसलं की ओरखडा माहितीच्या रेषेच्या दिशेनेच जातो आणि एका जागची बरीच माहिती एकदम नासते, मग चूक दुरुस्त करणारी यंत्रणाही हात टेकते.

आणि टूथपेस्टचा जुना उपाय ब्लू-रेवर चुकूनही नको. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटर आत असतो, घासायला जागा होती. ब्लू-रेत तो ०.१ मिलिमीटरवर आहे, वर फक्त कडक लेप. लेप गेला की डिस्क गेली.

निळी_तबकडी

कुजलेली डिस्क कंपनीने बदलून तरी दिली. प्लॅटफॉर्मने काढलेला सिनेमा कोण बदलून देतो?

तंबूतला_प्रेक्षक

अहो, पण तुम्ही दोघे ज्या सिनेमांवर भांडताय त्यांची डिस्क निघते तरी. आपल्या सिनेमांचं काय करायचं?

जानेवारी २०२४ मध्ये तमिळ 'अन्नपूर्णी' नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून थिएटरात आणली. दिग्दर्शक आणि धनुष दोघांनी जाहीर विरोध केला, तरी हक्क कंपनीकडे असल्याने ती चालली. 'रांझणा' २०१३ चा, तेव्हा निदान डीव्हीडी निघायच्या, त्यामुळे मूळ शेवट कुठेतरी घराघरात आहे. आज येणाऱ्या बहुतेक मराठी सिनेमांची डीव्हीडीसुद्धा निघत नाही. उद्या कोणी शेवट बदलला तर पुरावा काय दाखवणार, ट्रेलर?

जुन्या मराठी डीव्हीडी आहेत त्यांचीही तऱ्हा ऐका. पाल या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने पळवलेला असतो. दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि स्वर पाऊण अर्धस्वराच्या आसपास चढतो. पांढरी एकमधलं गाणं काळी एककडे सरकतं. आणि एकाआड एक रेघांच्या दोन भागांत चित्र साठवलेली (इंटरलेस) डीव्हीडी उचलून यूट्यूबवर टाकली की हलत्या हाताभोवती कंगव्यासारख्या रेघा, कारण ते इंटरलेस काढायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि त्याला 'एचडी' नाव!

पिक्सेलपंत

तंबूवाल्यांनी डिस्कचीच बाजू मोडून काढली. जपणूक फिल्मवर होते, प्लास्टिकवर नाही. जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात 'शोले' मूळ शेवटासह दाखवला, जो १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता. तो परत मिळाला इंग्लंडमधल्या गोदामात ठेवलेल्या फिल्ममधून, कोणाच्या कपाटातल्या डीव्हीडीतून नव्हे.

तंबूतला_प्रेक्षक

फिल्मवर जपलेलं जळतंही, पंत. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि प्रभातच्या नायट्रेट (सहज पेटणाऱ्या फिल्मवरच्या) निगेटिव्ह गेल्या. जे उरलं ते दुसरीकडे प्रती होत्या म्हणून. प्रती जितक्या जास्त आणि जितक्या विखुरलेल्या, तितकं बरं. त्यात मी डीव्हीडीसुद्धा धरतो, काळी एकवाली असली तरी.

पिक्सेलपंत

विखुरलेल्या प्रतींचं मान्य. प्लेअर घ्या हे अजून मान्य नाही. आयात डिस्क २५-३० डॉलरची, वर टपाल आणि कस्टम. चार डिस्कच्या पैशात नेटफ्लिक्सचं सगळ्यात महाग वर्ष निघतं.

नेट_पॅक_संपला

बाहेरून मागवली तर रीजनचं (कुठल्या देशात चालेल त्या कुलपाचं) काय?

निळी_तबकडी

फोरके डिस्कला रीजन नसतो, कुठलीही चालते. पण डब्यात सोबत साधी ब्लू-रे असते, तिला असू शकतो. भारत 'सी'मध्ये, अमेरिका 'ए', युरोप 'बी'. डीव्हीडीत आपण ५ मध्ये. मागवण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागा आणि सबटायटल बघून घ्या. हिंदी-तमिळ सिनेमांच्या परदेशी डिस्कवर बऱ्याचदा फक्त तिथल्या भाषेचीच असतात, आणि काहींवर ती बंदच करता येत नाहीत.