बोर्डावर थाप पडली आणि बॉल रिंगवरून बाहेर, बास्केट द्यायची का?

शिट्टी_नवीन:
मंडळी एक शंका. काल बास्केटबॉलची अंडर-१८ मॅच होती, मी रेफरी, शेवटचं दीड मिनिट, ४१-४०. मागे असलेल्या टीमचा पोरगा फास्ट ब्रेकवर (झटपट हल्ला) ले-अपला (रिंगजवळून टाकलेला शॉट) गेला, मागून डिफेंडर धावत आला ब्लॉकला, बॉल लागलाच नाही पण हात खाडकन बोर्डावर. अख्खा बोर्ड थरथरला (नटबोल्ट आधीच ढिले, वारा आला तरी हलतो तो) आणि बॉल रिंगवर गिरकी घेऊन बाहेर. मी शिट्टी दिली नाही. कोच अंगावर आला, इंटरफेरन्स (बास्केटमध्ये बेकायदा अडथळा) आहे म्हणे, बास्केट द्या. चुकलो का?

उडी_कमी_आवाज_जास्त:
सरळ टेक्निकल (गैरवर्तनाचा फाऊल) द्यायचा ना, बोर्ड म्हणजे काय ढोल आहे का बडवायला 😂

जुनी_शिट्टी:
टेक्निकल कशाला? ते अमेरिकेतल्या हायस्कूलचं, तिथे मुद्दाम थाप मारली की टेक्निकल, असं बरीच वर्षं होतं. आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) नियम. ब्लॉकच्या नादात हात लागला तर तेवढ्यावरून काही नाही. हात पडला तेव्हा बॉल कुठे होता ते सांग. रिंगला टेकलेला असेल तर नुसता बोर्डाला हात लागला तरी इंटरफेरन्स, हलला-न हलला विषयच नाही. बॉल हवेत असेल तर मात्र थरथरीमुळेच तो आत जायचा राहिला असं वाटायला हवं, आणि ते तुला वाटायला हवं, कोचला नाही. वाटलं तर २ पॉइंट द्यायचे.

शिट्टी_नवीन:
सर खरं सांगू का, मी हाताकडेच बघत होतो, फाऊल होतोय का म्हणून. बॉल वर काय करत होता कोण जाणे.

जुनी_शिट्टी:
मग तिथेच गोची झाली. बेसलाइनवर लीडने (बास्केटजवळचा रेफरी) अंगाचा कॉन्टॅक्ट बघायचा, वरचा बॉल ट्रेलचा (मागून येणारा दुसरा रेफरी). पार्टनर कुठे होता?

शिट्टी_नवीन:
सेंटर लाइनवर, धापा टाकत 🙈

पोस्टअप_नागपूर:
यात अजून एक घोळ होतो बघा, ले-अपचा बॉल बोर्डाला लागला आणि रिंगच्या पूर्ण वर असताना कोणी हात लावला तर गोलटेंडिंग (शॉटचा बॉल बेकायदा अडवणं), मग तो खाली येत असो नाहीतर वर जात असो. पण रिंगला लागून उडाला की फिबात कोणीही मारा, अगदी रिंगच्या डोक्यावर असला तरी. एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग, तिथे हे चालत नाही) बघून आलेले पालक तिथे हमखास बोंबलतात.

जुनी_शिट्टी:
बरोबर. आणि नवीन, पुढच्या वेळी मॅचआधी बोर्ड हलवून बघ, आयोजकांकडून नटबोल्ट आवळून घे.

शिट्टी_नवीन:
सांगितलं होतं सर, पाना सापडला नाही त्यांना.