मक्याच्या लाह्या: निम्मे दाणे फुटतच नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सुट्टी लागल्यापासून लेकीला रोज संध्याकाळी पॉपकॉर्न हवे असतात. तयार पाकिटातलं मीठ नि तेल तिच्या पोटात जायला नको, म्हणून मार्चमध्ये वाण्याकडून किलोभर सुटे दाणे आणले. तेव्हा सुरेख फुलायचे. आता मे महिन्यात, अकोल्याच्या या उन्हाळ्यात, वाटीभर टाकले तर मूठभर तळाशी तसेच राहतात.

करून पाहिलेले प्रकार सांगते. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तेलात, वर झाकण नुसतं ठेवून. मग कढईत जाड मीठ तापवून, तेलाशिवाय. शेवटी मायक्रोवेव्हमध्ये खाकी कागदी पिशवीत. कुकरमध्ये त्यातल्या त्यात बरे होतात, पण चिवट. राहिलेले दाणे हातात घेऊन पाहिले तर काही करपलेले, काहींना बारीक चीर. आच चुकते का? की भांडं जाड बुडाचं हवं?

प्रतिसाद १

ताई, भांडी बदलत बसू नका, दाणे वाळलेत. लाहीच्या मक्यात साधारण १४ टक्के ओल लागते. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की त्या ओलीची वाफ साल फोडून बाहेर येते. ओल उडाली की जोर उरत नाही, आणि चीर गेलेल्या दाण्यात वाफ कोंडतच नाही, तो कितीही तापवा.

अर्धा किलो दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत घाला, चमचाभर (मोठा, १५ मिली) पाणी टाका, हलवा. तीन-चार दिवस बरणी बंदच ठेवा, रोज एकदा हलवत जा. दाणे वरून कोरडे दिसले की वापरा.

चिवटपणाचं वेगळं. फुटायला लागले की झाकण किंचित कलतं करा, वाफ जाऊ द्या. आणि वरून लोणी घालत असाल तर थांबा, त्यातल्या पाण्याने लाही बसते. साजूक तूप घाला.

प्रतिसाद २

आधी तेलात तीनच दाणे टाका. तिन्ही फुटले की बाकीचे घालून भांडं अर्धा मिनिट गॅसवरून उतरवा, मग पुन्हा चढवा. सगळे दाणे सारखे तापतात. हळद तेलातच घाला. मीठ मात्र शेवटी, मिक्सरमध्ये पूड करून, जाड मीठ लाहीला चिकटत नाही.

धागाकर्ती

चार दिवस थांबले. काल संध्याकाळी कुकर लावला, वाटीभर दाण्यांतले आठच उरले! लेकीने तेवढेच मोजून दाखवले.

दादा, तुमचं वाचताना माझी आजी आठवली. नागपंचमीच्या लाह्यांसाठी ती ज्वारी आदल्या दिवशी गरम पाण्यात जराशी भिजवून, निथळून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची. मला वाटायचं धुऊन ठेवते आहे. ओल द्यायचीच होती ती, आणि मी जवळ बसून कधी विचारलं नाही.

म्हणून आणखी एक विचारते. या नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरीच करायच्या आहेत. आजीकडे भट्टीची वाळू असायची, माझ्याकडे लोखंडी कढई आणि मीठ आहे. ज्वारी किती वेळ भिजवावी, आणि एका वेळी किती टाकावी? कुणी घरी करत असेल तर नक्की सांगा.